उजव्या कप्प्यातलं वजन

मार्डेलनं जागा विकली तेव्हा आमच्या भागात कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. नवरा हार्लन गेल्यावरचा पहिला हिवाळा तिनं एकटीनं काढला होता. साठी उलटलेल्या बाईनं बर्फात गुरांना चारा टाकत फिरण्यापेक्षा डोंगरापलीकडे बहिणीजवळ जाऊन राहावं, हे आम्हा सगळ्यांनाच पटलेलं होतं. गुरं लिलावात गेली. ट्रॅक्टर शेजारच्यानं घेतला. घरातलं सामान पुतण्यांनी दोन खेपांत पोचवलं. मागं राहिली फक्त घोडी.

जूनिपर तिचं नाव. तांबूस, कपाळावर चांदणी, वय बरंच झालेलं. ती गेली नऊ वर्षं घोडी वाहायच्या कुठल्याच ट्रेलरमध्ये चढली नव्हती. लोकांनी सगळे उपाय करून पाहिले होते, दोर लावून, ओट दाखवून, चुचकारून. ट्रेलरचं दार दिसलं की ती चारी पाय रोवून उभी राहायची आणि घामाघूम व्हायची.

"पण आमच्या जुन्यात चढेल ती," मार्डेल मला म्हणाली. मी तिच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो होतो. "कोठारामागं आहे तो. टायर नवे टाकून घेतलेत, तारा बदलून घेतल्यात. तू एवढंच सांग वेंडल, की माझा पिकअप तो ओढेल का."

मी उभा जन्म गुरं आणि घोडी वाहण्यात घालवला, त्यामुळे असल्या प्रश्नांना लोक माझ्याकडे येतात. पण त्या ट्रेलरचं नाव निघाल्यावर मी कप खाली ठेवला.

"तोच ट्रेलर?"

"तोच. आणि पिकअपही तोच. दुसरा कुठून आणू?"

नऊ वर्षांपूर्वी हार्लन याच पिकअपला हाच ट्रेलर जोडून डोंगर उतरत होता. डाव्या कप्प्यात जूनिपर, उजव्यात डीकन नावाचा करडा घोडा. दोघं शिंगरं असल्यापासून एकत्र वाढलेली. उतारावर ब्रेक तापून निकामी झाले. हार्लननं डोकं शाबूत ठेवून गाडी रेतीच्या पट्ट्यात घातली, ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी तिथं खोल रेती भरून ठेवलेली असते. गाडी थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण हिसक्यानं उजवं दार उघडलं, डीकन मागच्या मागं बाहेर पडला आणि घाबरून जो सुटला तो कड्याच्या बाजूच्या झाडीत शिरला. हार्लन दिवसचे दिवस त्याला शोधत होता. ना घोडा मिळाला, ना हाड. परत आल्यावर हार्लननं ट्रेलर कोठारामागं नेऊन लावला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही.

"ओढेल का, हा प्रश्नच नाही," मी म्हणालो. "ओढेल. तुझा पिकअप घरसुद्धा ओढेल थोडा वेळ. थांबवेल का ते बघायचं."

"मग बघ ना. त्यासाठीच तर केक खायला घातला तुला."

आम्ही हिशोब मांडला. पिकअपच्या दाराच्या चौकटीवर पट्टी असते, तिच्यावर गाडी किती भार सोसेल ते लिहिलेलं असतं. मागं ट्रेलर अडकवतात त्या जोडणीवर वेगळा आकडा कोरलेला असतो, आणि जो आकडा सगळ्यांत लहान, तोच खरा. पट्टीकडे सगळे बघतात, जोडणीकडे कुणी वाकून बघत नाही. मार्डेलच्या जोडणीवर पाच हजार पौंड होते. रिकामा ट्रेलर तीन हजारांच्या थोडा वर, घोडी अकराशेच्या आसपास, वर चारा, पाणी, खोगीर. साडेचार हजारांच्या आतच बसत होतं सगळं.

"बसतंय की," मार्डेल म्हणाली.

"कागदावर बसतंय. उद्या धान्याच्या काट्यावर नेऊ, मग सांगतो."

"तुझा स्वतःच्या बेरजेवर विश्वास नाही?"

"बेरजेवर आहे. ट्रेलरवर नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेलर जोडून आम्ही गोठ्यासमोर आणला. मार्डेलनं घोडीला बाहेर काढलं. मी दोर, चाबूक, ओटाची बादली असं सगळं तयार ठेवलं होतं. कशाचीच गरज पडली नाही. जूनिपरनं ट्रेलर बघितला, कान पुढं केले आणि मार्डेलच्या हातातला दोर ओढतच निघाली. डाव्या कप्प्यात स्वतः चढली, पुढं गेली आणि मधल्या फळीला अंग लावून उभी राहिली. घसा खाकरल्यासारखा बारीक आवाज करत होती ती. आपल्या माणसाला भेटल्यावर घोडी तसा आवाज काढतात.

ती चढली तेव्हा ट्रेलर डावीकडे खचला, खचायचाच. मी तिच्या मागचा अडसर लावला, दार लोटलं. तेवढ्यात ट्रेलर दुसऱ्यांदा खचला. या वेळी उजवीकडे. चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्या कुरकुरल्या, आणि माझ्या हाताखालची कडी एवढीशी खाली गेली.

मी उजव्या दारातून आत डोकावलो. कप्पा रिकामा. तळाशी रबराची चटई, पुढं जाळीत चारा.

"काय झालं?" मार्डेलनं विचारलं.

"पाट्या गंजल्यात. बसतायत जागेवर."

गाडी रस्त्याला लागल्यावर मात्र मला ते आवडेना. मार्डेल चालवत होती, मी शेजारी. पिकअपची शेपूट खाली गेली होती आणि नाक वर आलं होतं. असं झालं की पुढच्या चाकांवर भार राहत नाही. चाक वळवलं तरी गाडी क्षणभर विचार करून मग वळते. मागं एक घोडं असताना असं व्हायला नको होतं.

धान्याच्या कोठारावरचा काटा ट्विला सांभाळते. तिच्या जिभेला हाड नाही, पण काटा मात्र तिचा चोख. पिकअपचं एकट्याचं वजन आम्ही सकाळीच करून ठेवलं होतं. आता सगळं लटांबर काट्यावर चढवलं. ट्विलानं खिडकीतून आकडा सांगितला. मी पिकअप वजा केला, पुन्हा वजा केला.

"ट्विला, परत बघ."

"बघितलं. तुझ्यासारखा चष्मा लावून नाही बघत मी."

"पाच हजार तीनशेच्या वर येतंय ट्रेलर नि घोडी मिळून."

"मग तेवढंच असेल. मार्डेल, आणखी कोण बसवलंयस गं आत? नवा नवरा बिवरा?"

मार्डेल हसली, पण तोंडापुरतं. ट्विला बाहेर आली आणि उजव्या खिडकीतून आत बघून गेली. आम्ही घोडी उतरवली. रिकाम्या ट्रेलरचं वजन केलं, तर तीन हजार शंभर, अगदी आमच्या हिशोबाप्रमाणं. घोडीला नुसतीच काट्यावर उभी केली. एक हजार ऐंशी. तेही बरोबर. पुन्हा तिला आत चढवलं, तर पुन्हा पाच हजार तीनशेच्या वर.

मध्ये एक गव्हाचा ट्रक आला. ट्विलानं त्याचं वजन केलं, ड्रायव्हरच्या आकड्याशी ताडून पाहिलं. काटा शंभर नंबरी होता.

"घोडी आत असली की बिघडतोय," ट्विला म्हणाली. आता ती टिंगल करत नव्हती. "वेगळी असली की ठीक. वेंडल, हा काटा गेल्या महिन्यातच तपासून गेलेत."

मार्डेल ट्रेलरच्या उजव्या बाजूला उभी होती. पत्र्यावर तळवा टेकवून, जरा मान तिरकी करून. आतून जूनिपरचा तोच बारीक आवाज येत होता.

"डीकन हिच्यापेक्षा थोडा जड होता," मार्डेल म्हणाली. "शंभरएक पौंडांनी."

वारा होता. ट्विलानं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि आत निघून गेली. तिनं त्या वजनाचे पैसे लावले नाहीत, ते पहिल्यांदाच.

परत येताना मी चालवायला घेतलं.

"म्हणजे त्या दिवशी एवढं होतं," मार्डेल मग म्हणाली. "हार्लननं कधी वजन केलं नव्हतं. शेवटपर्यंत म्हणायचा, ब्रेकच खराब होते, गॅरेजवाल्यानं नीट बघितले नाहीत."

"ब्रेक चांगलेच असणार. या जोडणीला दोन घोडी झेपणारी नव्हती. त्यातून उतार."

"आणि आता?"

"आता तुझा पिकअप नाही न्यायचा. माझा नेऊ. तो थोरला आहे, जोडणी दणकट आहे, ट्रेलरच्या ब्रेकचं नियंत्रण नवं आहे."

"कागदावर तर बसत होतं, वेंडल. एक घोडी आहे. एकच."

"ब्रेकला कागद वाचता येत नाही. काट्यावर जेवढं आलं तेवढं धरून जायचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "दोघांचं धरून."

"काट्यावर आलं तेवढं धरून," मी पुन्हा म्हणालो. त्यापलीकडे काही बोलायची माझी तयारी नव्हती. मी देवळात न जाणारा माणूस, भुताखेतांच्या गोष्टी मी शेकोटीपाशीही ऐकून घेत नाही. पण चाकाखाली जे वजन असतं ते असतं. त्याच्याशी वाद घालणारी बरीच माणसं मी दरीतून वर काढलेली पाहिली आहेत.

मला वाटतं, ती एकटी असती तर तिनं त्याच दिवशी नाद सोडला असता. पण जागेचे नवे मालक आठवड्यात येणार होते आणि दुसऱ्या कुठल्याही ट्रेलरमध्ये घोडी पाऊल टाकणार नव्हती. आम्ही शनिवार धरला.

शनिवारी उजाडलं तेव्हा गवतावर पांढरं दहिवर होतं. घोडी आधीसारखीच आपण होऊन चढली. मी डावा अडसर लावला आणि थांबलो. ट्रेलर उजवीकडे खचेपर्यंत थांबलो. मग मार्डेल माझ्या हाताखालून पुढं झाली आणि तिनं उजव्या बाजूचाही अडसर लावला, साखळी घातली, दार ओढून कडी पक्की केली. ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर किती भार येतोय ते मी मोजलं. ट्रेलर उलाळ नव्हता, पुढं जडही नव्हता. दोन घोडी नीट उभी केल्यावर असतो तसा अगदी समतोल होता.

माझ्या पिकअपला ते ओझं जड गेलं नाही. पायथ्यापर्यंत सूर्य वर आला, पण थंडी हटेना. चढाला लागल्यावर मी आरशात बघितलं. डाव्या खिडकीतून जूनिपरच्या श्वासाची वाफ निघत होती, पांढरी, वाऱ्यानं मागं पळणारी. माझ्या बाजूच्या आरशात एवढंच दिसतं. उजवा आरसा मार्डेलच्या बाजूला.

ती केव्हापासून त्या आरशात बघत होती कुणास ठाऊक. हात मांडीवर, पाठ ताठ. मी म्हटलं, "सगळं ठीक ना तिकडं?"

"गाडी चालव," ती म्हणाली.

थोड्या वेळानं एक वळण असं आलं की मला मान थोडी पुढं काढून तिच्या आरशात डोकावता आलं असतं. मी ती काढली नाही. मार्डेलनं काच खाली केली, हात बाहेर घातला आणि आरसा आतल्या बाजूला ढकलून दिला. मग आम्ही उजव्या बाजूला आरसा नसल्यासारखेच गेलो.

खिंडीपाशी मी थांबून चाकांना हात लावून बघितला. गार होती. मार्डेल उतरली नाही. मी गिअर खाली घेतला आणि उताराला लागलो.

त्या उतारावर ट्रेलर मागून ढकलतो हे मला चांगलं ठाऊक आहे. पण घोडं ढकलतं ते निर्जीव मालासारखं नाही. ते वळणावर पाय बदलतं, तोल सावरतं, आणि ते सगळं तुम्हाला स्टिअरिंगमध्ये कळतं. डावीकडचे धक्के जूनिपरचे होते. आणि प्रत्येक धक्क्यामागोमाग उजवीकडून एक धक्का येत होता, थोडा उशिरा, थोडा जड. मी चाळीस वर्षं हे ओळखत आलोय. ब्रेकवर पाय ठेवायचा, सोडायचा, ब्रेक निवू द्यायचे, मी फक्त एवढंच करत होतो.

रेतीचा पट्टा दिसू लागला तसे आतून पाय आपटायला सुरुवात झाली. आधी जूनिपर. मग दुसरीकडूनही.

"थांब," मार्डेल म्हणाली.

"इथं नाही."

"वेंडल, इथंच त्याला सोडून गेलो आम्ही. थांब."

पट्ट्याच्या अलीकडे बर्फात चाकांना साखळ्या चढवायला रुंद जागा आहे, तिथं मी गाडी घेतली, चाकांना दगड लावले. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला झाडी, तिच्यामागं कडा आणि खाली दूरवर करडी दरी. मार्डेल मागं गेली. तिनं उजवं दार उघडलं, साखळी काढली, अडसर खाली सोडला आणि बाजूला सरून उभी राहिली, घोडं मागं येताना माणूस सरकतो तशी.

"ये बाबा," ती म्हणाली. "आलं तुझं ठिकाण. उतर."

जूनिपर किंचाळली. मी घोड्यांचे पुष्कळ आवाज ऐकलेत, तो तसला नव्हता. ती मधल्या फळीवर अंग टाकत होती, सगळा पत्रा थरथरत होता. मी मात्र उजव्या चाकाकडे बघत होतो. ट्रेलर हलत होता तो तिच्या बाजूनं. उजवीकडच्या पाट्या दबलेल्या त्या दबलेल्याच. हलायला तयार नसलेलं जनावर पाय रोवून उभं राहतं तेव्हा जशा राहतात तशा.

मार्डेल बराच वेळ उघड्या दाराकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भीती मला वाटत होती.

"कशाला उतरेल तो इथं?" ती अखेर म्हणाली, जणू मीच ती कल्पना काढली होती. "इथं काय आहे त्याचं?"

तिनं अडसर परत लावला, साखळी घातली. आत हात घालून कप्प्याच्या मोकळ्या जागेत, साधारण घोड्याच्या पुठ्ठ्याच्या उंचीवर, दोनदा थोपटलं. आवाज यायला नको होता. आला की नाही ते मी सांगणार नाही, कारण तेव्हा वारा होता. दार लागलं तशी जूनिपर शांत झाली. तिथून पायथ्यापर्यंत एकदाही पाय आपटला गेला नाही.

मार्डेलची बहीण नोरीन फाटकात उभी होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. आत मांस-राजम्याची चिली शिजत ठेवली होती आणि दालचिनीचे रोल भट्टीत होते, वास अंगणात येत होता. "एवढा उशीर?" ती म्हणाली. "पोरगं चालवत असतं तर जेवून परत गेलं असतं एव्हाना."

"नोरीन, तू आत जाऊन ताटं घे," मार्डेल म्हणाली. "आम्ही हिला उतरवून येतो."

दोन घोडी असली की आधी उजवीकडचं उतरवतात. मार्डेल आधी उजवीकडेच गेली. दार, साखळी, अडसर. मग ती आत चढली आणि बाजूनं पुढं गेली, जाळीपर्यंत. तिचा हात गळ्याच्या दोरापाशी असावा तसा वर होता. मला तिचं बोलणं ऐकू येत होतं, हळू, नेहमीचं, मागं घेताना बोलतात ते. मागं. मागं. सावकाश.

मी पाट्यांकडे बघत होतो. दुसरीकडे बघण्याचं धाडस नव्हतं म्हणून.

मार्डेलचं वजन फार तर सव्वाशे पौंड. ट्रेलर आधी मागच्या बाजूला खचला, घोड्याचे मागचे पाय कडेला आल्यावर खचतो तसा. मग एक हिसका, आणि उजव्या पाट्या अर्ध्या वर आल्या. मग दुसरा. पाट्या एकामागून एक सुटत गेल्या, टायरचा फुगवटा गेला, आणि ट्रेलर उजवीकडे सरळ झाला. अंगणातल्या वाळलेल्या गवताकडे मी बघितलं नाही. मार्डेल दारातून बाहेर आली. हात तसाच वर धरून ती कुरणाच्या फाटकापर्यंत चालत गेली, फाटक उघडलं, बाजूला झाली, आणि हात खाली सोडला.

"आता हिला काढ," तिनं मला सांगितलं.

जूनिपर धडपडत उतरली. फाटकातून आत गेली ती थेट पळतच, म्हातारपण विसरून. मध्ये थांबली, मान लांब केली, हवेत काहीतरी हुंगलं. मग चरायला लागली. नोरीनचा एक काळा घोडा होता, नव्या जनावराला चावल्याशिवाय न राहणारा. तो तिच्याकडे निघाला, आणि निम्म्या वाटेवर थांबला. कान मागं पाडून तो बराच वेळ उभा राहिला आणि मग उलट्या दिशेला गेला.

आम्ही जेवलो. मी दोन वाट्या चिली खाल्ली, दोन रोल खाल्ले. ट्रेलर मी परत नेला नाही. तिथंच राहू दे म्हणालो. घरी जाताना पिकअप एकटाच होता, तरी त्या उतारापाशी, आता चढ होता तो, मी खिडक्या बंद करून घेतल्या.

जूनिपर आणखी तीन हिवाळे जगली. मार्डेलचा अधूनमधून फोन यायचा, हवापाण्याचं बोलायची, बहिणीच्या कटकटी सांगायची. घोडीबद्दल मी विचारलं तर म्हणायची, मजेत आहेत. दर वेळी तसंच म्हणायची, आणि मी दुरुस्त करत नसे.

शेवटच्या वसंतात घोडी झोपेतच गेली. पुरायला खड्डा खणणाऱ्या यंत्रवाल्याला मार्डेलनं खड्डा दुप्पट रुंद घ्यायला लावला. तो माझ्या ओळखीचा. मला नंतर सांगत होता की म्हातारी ऐकेच ना. घोडी तिनं डाव्या कडेला ठेवायला लावली, उजवीकडे मोकळी जागा सोडून, आणि माती लगेच टाकू दिली नाही. दुपार कलेपर्यंत त्याला थांबवून ठेवलं. मग एकदम म्हणाली, आता टाक.

"कशाची वाट बघत होती ती?" त्यानं मला विचारलं.

मी म्हटलं, तू तिलाच विचारायचं होतंस.

"विचारलं," तो म्हणाला. "तर मला म्हणाली, तू यंत्र बंद ठेव जरा, तो आवाजाला बुजतो."